सातबाराचा नमुना आणि पडद्यावरचा अर्ज

महाराष्ट्रातील शेतकरी आपल्या जमिनीच्या कागदाला कायद्याच्या नावाने ओळखत नाही. नमुन्याच्या क्रमांकाने ओळखतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हे दोन्ही एका कागदावर आले आणि त्या कागदाचे नावच ‘सातबारा’ होऊन बसले. खात्याचा उतारा ‘आठ-अ’, फेरफाराची वही ‘सहा नंबर’. शाळेची पायरी न चढलेला दिंडोरीचा किंवा पेठचा म्हातारा शेतकरीही सोसायटीचा बोजा इतर हक्कांच्या कोणत्या रकान्यात चढतो आणि कुळाचे नाव कोठे पाहावे, हे बोट ठेवून दाखवतो. अक्षर येत नसताना नमुना कळावा, हे साधे यश नव्हे. गावोगाव एकच नमुना, प्रत्येक रकान्याला एकच अर्थ, तो रकाना कोणी, केव्हा आणि कोणत्या आधारावर भरावा याचा लिखित नियम, आणि वरचेवर न बदलणारी मांडणी, या चार गोष्टींनी ते यश मिळवले आहे.

हे नमुने लोककल्याणाच्या हेतूने जन्माला आले, असे मात्र कोणी समजू नये. इंग्रजी अमलातील महसूल यंत्रणेने ते घडवले, आणि अँडरसन या सनदी अधिकाऱ्याची महसुली लेख्यांवरील नियमपुस्तिका तलाठ्यांच्या पिढ्यांनी पाठ केली ती सरकारचा सारा चुकू नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला, अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम आले. नमुन्यांचा सांगाडा बव्हंशी तोच राहिला. परंतु त्याच सांगाड्यावर पुढे एक निराळी लढाईही लढली गेली. १९४८ चा कूळ कायदा आणि त्यानुसार ठरलेला १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आला, तेव्हा कोणाचे नाव कोणत्या रकान्यात आहे, यावर असंख्य कुळांचे भवितव्य ठरले. ज्याचे नाव नोंदले गेले होते त्याच्या हाती पुरावा होता; ज्याचे नाव कधी चढलेच नव्हते, त्याला आपण तीच जमीन वर्षानुवर्षे कसली हे सिद्ध करता करता नाकी नऊ आले. रकाना ही कारकुनी बाब नाही, हा धडा महाराष्ट्रातील शेतकरी चळवळ त्या काळातच शिकली.

आता कागद पडद्यावर गेला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि बाराव्या नमुन्याचा रकाना शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये येऊन बसला. शिष्यवृत्ती, पीकविमा, जातीचा दाखला, निराधारांचे अनुदान, सारे पडद्यावरच्या अर्जातून जाते. मग प्रश्न असा की, या पडद्यावरचे रकाने कोण आखतो? त्यांचे नियम कोठे लिहिलेले आहेत? आणि ते लिहिलेले असतील तर कोणाला वाचता येतात? संगणक प्रणाली तयार करणाऱ्या चमूंच्या परिभाषेत या प्रश्नांना एक नाव आहे: डिझाइन सिस्टीम. मराठीत तिला रचनासंहिता म्हणता येईल. हा विषय कंपन्यांच्या वातानुकूलित दालनांतला आहे, चळवळीचा नाही, असा समज कार्यकर्त्यांमध्ये आढळतो. तो समज सोडण्याची वेळ आली आहे.

यंत्रशाळेतील ड्रॉइंग आणि पडद्यावरचे बटण

रचनासंहिता म्हणजे काय, हे समजण्यासाठी नाशिककराला दूर जावे लागत नाही. अंबड किंवा सातपूरच्या कोणत्याही यंत्रशाळेतील फिटरला विचारावे. सुटा भाग ड्रॉइंगवरून बनतो. त्या ड्रॉइंगवर माप असते, मापात किती फरक चालेल हे असते, धातू कोणता ते असते आणि ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती चालू आहे तेही असते. पाळी बदलली, कामगार बदलला, यंत्र बदलले तरी भाग तोच निघतो. नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयांत १९२०च्या दशकापासून मुद्रांक आणि नोटा छापल्या जात आहेत. तेथील कामगाराला एकसारखेपणाचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

संगणक प्रणालीतही असेच सुटे भाग असतात. बटण, अक्षरे भरण्याची चौकट, तारखेचा रकाना, चूक दाखवणारी सूचना, कागदपत्र जोडण्याची जागा. जेथे रचनासंहिता नसते तेथे प्रत्येक अभियंता हे भाग आपल्या समजुतीने नव्याने बनवतो. एका पानावर ‘सादर करा’, दुसऱ्यावर ‘जतन करा’, तिसऱ्यावर ‘पुढे जा’. एके ठिकाणी हिरवे बटण होकाराचे, दुसरीकडे तेच रद्द करण्याचे. एकच काम दहा वेळा होते, दहा तऱ्हांनी चुकते आणि दहा ठिकाणी दुरुस्त करावे लागते.

संहिता बांधण्याचा क्रम काही गूढ नाही. आधी असलेल्या साऱ्या पानांचा झाडा घ्यावयाचा: किती प्रकारची बटणे आहेत, किती रंग, किती आकारांची अक्षरे. मग त्यांतील मोजके ठेवून त्यांना एकेक नाव द्यावयाचे, म्हणजे ‘धोक्याचा रंग’ म्हटले की चमूतील प्रत्येकाच्या मनात तोच रंग येईल. या नावांवर सुटे भाग उभे करावयाचे आणि सुट्या भागांपासून पत्ता विचारणे, ओळख पटवणे, पैसे भरणे यांसारखे पुन्हा पुन्हा लागणारे प्रसंग. आणि शेवटी, खरे पाहता पहिल्या दिवसापासूनच, हे सारे लिहून ठेवावयाचे. हा भाग कशासाठी आहे, केव्हा वापरावा, केव्हा वापरू नये, असाच का केला, कोणत्या माणसांबरोबर तपासून पाहिला आणि कोणत्या तारखेस का बदलला. हे लेखन नसेल तर उरतो तो नुसता भागांचा ढीग. त्याला संहिता म्हणता येत नाही.

रकान्यांचे राजकारण

एवढ्या तपशिलाचा गोरगरिबांशी संबंध काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. २०१७ साली शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली आणि तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज सक्तीचा झाला. ऐन हंगामात नवरा-बायको दोघे केंद्रांपुढे रांगा लावून अंगठे देत उभे राहिले. पुढे याद्यांतील गोंधळ चव्हाट्यावर आला. २०१९ च्या डिसेंबरात दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली. तिच्यात शेतकऱ्याला अर्जच भरावयाचा नव्हता; बँकांकडून आलेल्या यादीत आधारद्वारे ओळख पटवणे एवढेच काम त्याच्याकडे राहिले. दोन्ही योजनांच्या गुणदोषांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. परंतु जी माहिती सरकारी व बँकांच्या दप्तरांत आधीच आहे ती गरिबाकडून पुन्हा भरून घेऊ नये, हे तत्त्व त्या दोन वर्षांच्या अंतरात शिकले गेले. ते कोठे लिहून ठेवले गेले काय? पुढच्या योजनेचा अर्ज आखणाऱ्या चमूच्या हाती ते तत्त्व पडावे, अशी काही व्यवस्था झाली काय?

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी आले आणि त्यात पती किंवा वडील यांच्याही आधारची पडताळणी मागण्यात आली. जिचा पती वारला, जिला सोडून दिले, जिचे वडीलही हयात नाहीत, तिने त्या रकान्यात काय भरावे? तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागली ती आरडाओरड झाल्यानंतर. महाराष्ट्रात विधवा, परित्यक्ता आणि एकट्या स्त्रिया आहेत, ही माहिती नवी नव्हती. ज्या संहितेत ‘कुटुंब विचारताना’ या शीर्षकाखाली हे एक वाक्य लिहिलेले असते, तिच्या आधारे अर्ज आखणाऱ्याला हा रकाना सक्तीचा करताना थांबावेच लागले असते.

असे रकाने शेकड्यांनी दाखवता येतील. गट क्रमांकाचा रकाना केवळ आकडे स्वीकारतो, आणि शेतकऱ्याचा गट असतो ४५/२/अ. नावाचा रकाना इंग्रजी मागतो. आधारवर ‘वाघ’ एका स्पेलिंगने असतो, बँकेत दुसऱ्या, आणि यंत्र ठरवते की ही दोन माणसे आहेत. जन्मतारखेसाठी दिनदर्शिका उघडते आणि सत्तर वर्षांच्या म्हातारीला, जिची जन्मतारीख शाळामास्तरांनी वा कारकुनाने १ जून लावलेली आहे, आठशे-नऊशे महिने मागे सरकावे लागते. पत्त्यात घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव सक्तीचे असते, आणि पाड्याला रस्ता असला तरी त्याला नाव नसते. ‘कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत नाही ना?’ असा नकारार्थी प्रश्न विचारला तर ‘होय’ म्हणणाऱ्या बाईने काय कबूल केले, हे तिलाही कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. प्रश्न सरळ विचारावा, एका वेळी एकच विचारावा आणि उत्तराचा अर्थ पडद्यावर पुन्हा दाखवावा, हा नियम संहितेच्या एका पानात मावतो.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८ चे नियम यांनी वैयक्तिक दाव्यासाठी ‘नमुना अ’ दिला. पुराव्यांच्या यादीत या नियमांनी एक मोलाची गोष्ट मान्य केली: दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावाच. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्यासाठी कायद्याने उघडलेले ते दार आहे. उद्या असाच अर्ज पडद्यावर आणताना कोणी पुराव्यांच्या यादीत हा पर्याय घालावयास विसरला, तर विधिमंडळात एकही ठराव न होता, एकाही न्यायालयाने निकाल न देता ते दार बंद होईल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींनी आझाद मैदान सोडण्यापूर्वी सरकारकडून लेखी आश्वासन घेतले होते. शब्दाला कागदाचा आधार लागतो, हे ज्या पायांना कळले ते पडद्याच्या बाबतीत बेसावध राहून चालणार नाही.

न लिहिलेले ज्ञान कोणाचे?

येथे कोणी म्हणेल की चांगले अभियंते नेमले म्हणजे हे दोष राहणार नाहीत. हा भ्रम आहे. सरकारी प्रणाली बव्हंशी निविदेतून बनतात. मुदत संपते, कंत्राटदार बदलतो, चमूतील तरुण मुले दुसऱ्या कंपनीत जातात. प्रश्न सरळ का विचारावा, गट क्रमांकात तिरकी रेघ का चालू द्यावी, हे ज्याने पेठच्या केंद्रावर दोन दिवस बसून शिकून घेतले होते, तो गेला की ते ज्ञानही गेले. नवा कंत्राटदार पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्या सुरुवातीचे पैसे पुन्हा जनतेकडून घेतो. म्हणजे न लिहिलेले ज्ञान हे निरुपद्रवी अज्ञान नसते. ती एक खासगी मालमत्ता असते आणि तिचे भाडे सार्वजनिक तिजोरी भरत राहते.

नाशिकच्याच अनुभवाकडे पाहावे. २०१५ च्या सिंहस्थाआधी ‘कुंभथॉन’ या नावाने, अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबच्या सहकार्याने, येथील तरुणांनी गर्दी मोजण्यापासून साथीच्या रोगांवर नजर ठेवण्यापर्यंत अनेक प्रयोग केले. उमेद खरी होती आणि प्रश्नही खरे होते. आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. त्या वेळी जे शिकले गेले त्यातील जेवढे लिहून, सर्वांसाठी खुले करून ठेवले गेले असेल, तेवढेच आजच्या चमूला विनासायास मिळेल. बाकीचे पुन्हा विकत घ्यावे लागेल. बारा वर्षांनी भरणाऱ्या मेळ्याइतकी दस्तऐवजीकरणाची कठोर परीक्षा दुसरी कोणती असणार?

जगात या बाबतीत दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. ब्रिटनच्या सरकारने २०१२ साली सर्व खात्यांसाठी एकच संकेतस्थळ उभारले आणि २०१८ साली त्याची रचनासंहिता खुली केली. तारीख विचारण्याचा भाग घ्या. ज्या तारखा माणसाला पाठ असतात, त्यांच्यासाठी दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्याव्यात, दिनदर्शिका देऊ नये, हे तेथे कारणासह लिहिलेले आहे. आज्ञावली शेजारीच आहे, आणि ती कोणीही, दुसऱ्या देशानेसुद्धा, विनामूल्य घ्यावी. नवा भाग सुचवावयाचा असेल तर तो उपयुक्त आहे आणि आधीपासून असलेल्याची पुनरावृत्ती नाही, हे दाखवावे लागते. दुसरे उदाहरण अमेरिकेचे. तेथील केंद्र सरकारची संहिता २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या उभारणीत हात असलेले ‘एटीन-एफ’ नावाचे सरकारी पथक मार्च २०२५ मध्ये एका फटक्यात बरखास्त करण्यात आले. माणसे घरी बसली, पण खुली संहिता कोणाला घरी बसवता आली नाही. कारण ती आधीच सर्वांची झालेली होती.

दोन आक्षेप

समाजवादी विचाराच्या माणसाच्या मनात येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कामगाराच्या हातातले ज्ञान काढून घेऊन ते व्यवस्थापनाच्या पुस्तकात बंद करावयाचे, हे तर टेलरने १९११ साली सांगितलेलेच तंत्र. हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विश्लेषण केले: काम लिहून काढले, तुकडे पाडले, की कुशल कामगाराच्या जागी स्वस्त कामगार बसवता येतो. मग रचनासंहिता हे संगणक कामगाराचे कौशल्य हिरावण्याचे साधन ठरणार नाही काय?

ठरू शकते. ज्या कंपनीत वरून ठरवलेली संहिता खाली फेकली जाते, जेथे तिच्यात बदल सुचवण्याचा मार्ग नाही, जेथे दस्तऐवज लिहिणे हे सुटीच्या दिवशीचे बिनपगारी काम आहे आणि लिहून झाल्यावर लिहिणाऱ्यालाच निरोप दिला जातो, तेथे ती तशीच ठरेल. पण यावर उपाय न लिहिणे हा नव्हे. उपाय काय, ते स्कँडिनेव्हियातील कामगार संघटनांनी दाखवले आहे. नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने १९७०च्या दशकाच्या आरंभी संशोधकांना हाताशी धरून कारखान्यातील संगणकाचा अभ्यास स्वतः केला. १९८१ ते १९८५ या काळात मुद्रण कामगारांच्या नॉर्डिक संघटनेने ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प चालवला. वृत्तपत्राचे पान संगणकावर लावावयाचे तर त्याची साधने कशी असावीत, हे पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या प्रतिकृती करून जुन्या जुळारी-मुद्रकांनीच ठरवले. ती प्रणाली बाजारात टिकली नाही. परंतु वापरणाऱ्याला बरोबर घेऊन रचना करण्याची पद्धत मात्र जगभर रुजली. लिहिणे म्हणजे गमावणे की मिळवणे, हे लेखणी कोणाच्या हाती आहे आणि पुस्तक कोणाच्या कपाटात आहे यावर ठरते.

दुसरा आक्षेप सरकारी वर्तुळातून येतो: नियम तर आहेतच. ते खरे आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये सुधारली गेली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. २०२५ च्या फेब्रुवारीत बोधचिन्ह, रंग व अक्षरे यांच्या एकरूपतेची पुस्तिका आली. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु दर्शनी भिंतीला एक रंग दिल्याने आतल्या खोल्यांतील अडचण संपत नाही. बोधचिन्ह जागेवर असते आणि गट क्रमांकाचा रकाना अडूनच बसतो. शिवाय शिफारस आणि बंधन यांत अंतर आहे. अपंगांच्या सुगम्यतेविषयी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले: २०१६ च्या कायद्याने सक्ती अपेक्षिलेली असताना नियमांनी केवळ मार्गदर्शक तत्त्वे देऊन भागवले, म्हणून तो नियम टिकू शकत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान साडेचारास एक असावे, हा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. तो सुट्या भागातच बांधून टाकला की प्रत्येक अभियंत्याच्या सद्‌बुद्धीवर विसंबावे लागत नाही.

काय मागावयाचे

मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली: जनतेच्या पैशातून बनलेल्या प्रत्येक प्रणालीची आज्ञावली आणि रचनासंहिता जनतेची असावी. सरकारी प्रणालींची आज्ञावली खुली करण्याचे धोरण केंद्राने २०१५ सालीच जाहीर केले आहे. राज्य सरकार, जिल्हा परिषदा आणि नाशिक महानगरपालिका यांच्या निविदांत ती अट असावी, आणि दस्तऐवज हाती आल्याखेरीज शेवटचे देयक निघू नये.

दुसरी: संहिता मराठीतून विचार करून बांधली जावी, इंग्रजीवरून उतरवलेली नसावी. इंग्रजी ओळींच्या अंतरात मराठी बसवली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो; इंग्रजी शब्दाच्या मापाचे बटण मराठी शब्दाला पुरत नाही. प्रमाण देवनागरीसंबंधी शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला आहे, आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेल्या ‘मुक्त’सारखे खुले टंक उपलब्ध आहेत. साधनांची उणीव नाही. नावे, नातीगोती, पाडे, गट, हिस्से यांचे रकाने येथल्या जीवनावरून आखले जावेत, आणि ‘अवैध इनपुट’ असे बजावण्याऐवजी पडद्याने काय चुकले व काय लिहावे हे सरळ सांगावे.

तिसरी: कोणताही भाग संहितेत घेण्यापूर्वी तो सुरगाणा, पेठ, मालेगाव येथील प्रत्यक्ष माणसांबरोबर तपासला जावा. अंगणवाडी सेविका, आशा, आपले सरकार केंद्राचा चालक आणि तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ही मंडळी दुसऱ्याचे अर्ज रोज भरतात; रकान्यांचे त्यांच्याइतके जाणकार कोणी नाहीत. त्यांचे म्हणणे संहितेत नोंदले जावे आणि त्या वेळेचा मोबदला त्यांना मिळावा. चौथी: संगणक कामगारासाठी दस्तऐवज-लेखन हे कामाच्या तासांतले, पगारी आणि श्रेयाचे काम असावे, आणि संहितेत बदल सुचवण्याचा हक्क चमूतील धाकट्यातल्या धाकट्यालाही असावा.

यांतील काही मागण्यांना मंत्रालयापर्यंत जावे लागेल. परंतु एक काम असे आहे की ज्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. तालुक्यातालुक्यातील कार्यकर्ते आजही लोकांचे अर्ज भरून देतात, आणि अर्ज अडला की केंद्रावर, तहसिलीत, जिल्ह्यावर खेटे घालतात. त्यांनी एक वही ठेवावी. कोणता अर्ज, कोणता रकाना, काय भरले, पडद्याने कोणते शब्द दाखवले, कोणती तारीख, शेवटी वाट कशी निघाली. अर्जदाराचे नाव किंवा आधार क्रमांक तीत लिहू नये. रकान्याची हकिकत पुरेशी आहे. एका तालुक्यातील शंभर नोंदी एकत्र ठेवल्या तर कोणता रकाना कोणाला बाहेर ठेवतो, याचा नकाशा उभा राहील, आणि असा नकाशा घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला ‘तांत्रिक अडचण आहे’ या दोन-तीन शब्दांत वाटेला लावता येणार नाही. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या सहानुभूतीदारांनी या वहीला शिस्त लावून द्यावी. त्यांच्या कौशल्याचा चळवळीला याहून चांगला उपयोग क्वचितच होईल.

१९५७ साली कुळाचे नाव रकान्यात आहे की नाही, हे तलाठ्याच्या दप्तरात जाऊन निदान पाहता तरी येत होते. नमुना माहीत होता, नियम छापलेला होता, आणि चूक झाली तर ती कोणाच्या हातून झाली हे विचारता येत होते. आजचा रकाना आज्ञावलीच्या आत असतो. तो कोणी आखला, का आखला आणि कोणत्या दिवशी बदलला, याचा ठावठिकाणा अर्जदाराला लागत नाही. कागदाच्या नमुन्यावर लोकांनी जेवढा हक्क मिळवला, तेवढा तरी पडद्याच्या नमुन्यावर मिळवणे, हे या पिढीचे काम आहे.